‘एवढं कायले?’ : द्राविडी प्राणायामाच्या आज्ञावल्या

अनावश्यक खटाटोपाची टिंगल करायला मराठीकडे वाक्प्रचारांची वाण नाही. पण ते सारे एका अर्थाचे नाहीत. डोंगर पोखरून उंदीर निघतो तेव्हा कष्ट मोठे आणि फळ क्षुल्लक असते. उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्याचे साधन कामाशी जुळत नाही, आणि शेळ्या भलतीकडे जातात. द्राविडी प्राणायामाचे तसे नाही. सरळ समोरून नाक धरायचे सोडून हात मानेमागून वळवून आणला, तरी नाक धरले जातेच. फळात काही उणे नाही; वाट तेवढी लांब. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला विनोद या तिसऱ्या जातीचा आहे. संगणकासाठी आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींनी गेल्या पन्नासेक वर्षांत एक लेखनप्रकार घडवला आहे. शाळकरी पोराने सोडवावे असे गणित घ्यायचे, ते सोडवायला कारखान्याएवढी आज्ञावली रचायची, आणि उत्तर मात्र बिनचूक आणायचे.

आमच्या आर्वीकडे असला पसारा दिसला की जुनी माणसे एकच प्रश्न विचारतात : ‘एवढं कायले?’ म्हणजे एवढे कशाला, कशासाठी. वऱ्हाडी बोलीतला हा प्रश्न समीक्षेचा म्हणूनही वापरता येतो, कारण त्याला दोन अंगे आहेत. एक, हा पसारा कशासाठी? आणि दुसरे, न उच्चारलेले : हा कोणाच्या डोक्यावर? माझे म्हणणे थोडक्यात असे, की आज्ञावल्यांच्या या विनोदाने पहिला प्रश्न फार नेमका विचारला. दुसरा त्याने क्वचितच विचारला. मराठी विनोदाने मात्र शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्यालाच हात घातला होता.

१. फिझबझचा कारखाना

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उदाहरण समजायला एक खेळ माहीत हवा. १ ते १०० आकडे क्रमाने म्हणायचे. तीनने भाग जाणारा आकडा आला की त्याऐवजी ‘फिझ’, पाचने भाग जाणारा आला की ‘बझ’, आणि दोन्हींनी जाणारा आला की ‘फिझबझ’. इंग्रजी शाळांत भागाकार पक्का करून घ्यायला हा खेळ खेळवतात. २००७ मध्ये इम्रान घोरी या प्रोग्रामरने सुचवले, की नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला या खेळाची आज्ञावली लिहायला सांगावी. ज्याला ती जमत नाही त्याला पुढचे विचारू नये. कल्पना रूढ झाली. कोणत्याही संगणकीय भाषेत या आज्ञावलीला दहा-बारा ओळी पुरतात.

पुढच्या दशकात गिटहबवर ‘फिझबझ एंटरप्राइझ एडिशन’ नावाची रचना अवतरली. ‘एंटरप्राइझ’ म्हणजे मोठ्या कंपन्यांना विकायची, भारदस्त आवृत्ती. उत्तर तेच, ओळ न ओळ तेच. पण ‘फिझ’ हा शब्द हाती देणारा एक घटक, तो शब्द छापणारा दुसरा, छापणारा तयार करणारा तिसरा, आणि ही पलटण ‘बझ’साठी पुन्हा वेगळी. भागाकार करायला स्वतंत्र खाते. नव्या ओळीवर जायला स्वतंत्र खाते. फेरा सुरू करणारा एक अधिकारी, संपवणारा दुसरा. या सर्वांचे पत्ते आणि नातेसंबंध मांडणारी फाइल आणखी वेगळी. वाचत गेलो की मूळ खेळ कुठे आहे हेच सापडत नाही. सापडतो तेव्हा तो अगदी तळाशी, एखाद्या मोठ्या कचेरीत शिपायाने टेबलाखाली ठेवलेल्या डब्यासारखा.

हसू येते ते मुख्यतः नावांमुळे. हे नीट ध्यानात घ्यावे. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक आले. मोठ्या आज्ञावल्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनांना त्यांनी नावे दिली : फॅक्टरी, ॲडॅप्टर, स्ट्रॅटेजी, व्हिजिटर. नावे उपयोगी होती. पण नावे मिळाली की ती वापरल्यावाचून राहवत नाही, हा साहित्यशास्त्रातलाही अनुभव आहे. अलंकारांची यादी पाठ झालेला नवकवी प्रत्येक ओळीत उत्प्रेक्षा घालतो, तसे पॅटर्न पाठ झालेले अभियंते बेरजेलाही फॅक्टरी बांधू लागले. फिझबझच्या कारखान्याने या अलंकारप्रियतेचेच विडंबन केले.

२. वृत्त न मोडता

या रचनांना साहित्याच्या कसोट्या का लावायच्या, असे कोणी विचारील. त्याला उत्तर खुद्द त्या क्षेत्रातच आहे. १९८६ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात जॉन बेंटली यांच्या सदरासाठी डोनाल्ड कनूथ यांनी एक आज्ञावली लिहिली. काम साधे होते : दिलेल्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द मोजून छापणे. आज्ञावली निबंधासारखी वाचता यावी असा कनूथ यांचा आग्रह होता, आणि तिने नियतकालिकाची पाने व्यापली. बेंटली यांनी ती डग्लस मॅकिलरॉय यांच्याकडे समीक्षेसाठी पाठवली. साहित्याच्या पुस्तकाची समीक्षा करतात तशीच. मॅकिलरॉय यांनी कारागिरीची तारीफ केली आणि मग तेच काम करणाऱ्या सहा लहान, आधीच तयार असलेल्या आज्ञा एकापुढे एक जोडून दाखवल्या. कनूथ यांनी विनोद केला नव्हता. लेखनपद्धती दाखवण्यासाठीच त्यांना ते लिहायला सांगितले होते. पण ‘एवढं कायले?’ हा प्रश्न आज्ञावलीला छापील समीक्षेत विचारला गेला तो असा.

विडंबनाचा नियम आपल्याला आचार्य अत्र्यांनी शिकवला आहे. ‘झेंडूची फुले’ १९२५ मध्ये आली. केशवकुमारांची विडंबने टिकली याचे एक कारण असे, की त्यांत वृत्त कुठे अडखळत नाही. ज्या कवितेची टर उडवायची तिच्याइतकीच, किंबहुना तिच्याहून थोडी अधिक सफाई विडंबनात लागते. सदोष विडंबन म्हणजे नुसती सदोष कविता. आज्ञावलीच्या विडंबनाला हा नियम आणखी कडक लागू होतो, कारण इथे परीक्षक यंत्र आहे. संगणकाला उपहास कळत नाही. तो आज्ञा पाळतो किंवा चूक दाखवतो. म्हणून कारखान्यातला प्रत्येक निरुपयोगी घटक खरोखर चालला पाहिजे, आणि शंभराव्या आकड्याला ‘बझ’ आलेच पाहिजे.

या कडकपणाची कमाल पाहायची असेल तर आणखी साधे गणित घेऊ : आकडा सम की विषम? शेवटचा अंक पाहिला की संपले. २०२३ मध्ये एका प्रोग्रामरने हे काम प्रत्येक आकड्यासाठी वेगळी अट लिहून केले. एक विषम, दोन सम, तीन विषम, असे थेट ४२९ कोटींपलीकडे, बत्तीस बिटांत मावणाऱ्या शेवटच्या आकड्यापर्यंत. अटी अर्थातच दुसऱ्या आज्ञावलीकडून लिहवून घेतल्या. तयार झालेली फाइल सुमारे ४० जीबीची होती आणि ती बरोबर उत्तर देत होती. हा शुद्ध द्राविडी प्राणायाम. त्यात कारागिराचा आनंद आहे, आणि तो नाकारायचे कारण नाही.

३. ठकी कुठे आहे?

तरीही हे वाचून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. काय राहिले ते शोधायला आपल्याच विदर्भातल्या एका वकिलाकडे जावे लागेल.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरात जन्मले आणि वऱ्हाडात, जळगाव जामोद नि खामगाव इथे, त्यांनी वकिली केली. ‘विविधज्ञानविस्तारा’त १९०२ पासून त्यांचे विनोदी लेख येऊ लागले, पुढे त्यांचे ‘सुदाम्याचे पोहे’ झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीची रीत आजच्या प्रोग्रामरला ओळखीची वाटावी. एखादी रूढी घ्यायची, तिच्यावर टीका करायची नाही, उलट ती पूर्ण गांभीर्याने मान्य करायची; आणि मग तिच्यातला शास्त्रार्थ, पोटनियम, अपवाद आणि अपवादांचे अपवाद अशा टोकाला न्यायचे की रूढीचा डोलारा स्वतःच्याच वजनाने वाकावा. श्रावणी असो की शिमगा, कृती लहान आणि तिच्याभोवतीची व्यवस्था अवाढव्य. खटल्याचे कागद रोज चाळणाऱ्या माणसालाच ही दृष्टी येऊ शकते.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांनी बाळकरामाच्या लेखांत हीच रीत पुढे नेली. ठकीचे लग्न जमवायचे, तर त्याची मोहीम होते. मोहिमेला पूर्वतयारी लागते, पूर्वतयारीला खलबते. एका घरगुती कामावर युद्धशास्त्राची परिभाषा चढवली जाते, जशी फिझबझवर कंपनीशास्त्राची. तंत्र एकच आहे.

फरक आहे तो ठकीत. मोहिमेचे कितीही हसू आले तरी त्या घरात ठकी नावाची मुलगी आहे, तिला पाहायला येणारे आहेत, हुंड्याचा हिशेब आहे, हे वाचकाला विसरता येत नाही. कोल्हटकरांच्या लेखांतही रूढीचा पसारा वाढतो तेव्हा तो हवेत वाढत नाही. तो कोणाच्या तरी खांद्यावर वाढतो. मुलीचा बाप, विधवा, धर्मशास्त्राच्या कचाट्यात सापडलेला साधा गृहस्थ, असा एक वाहणारा माणूस त्या विनोदाच्या मध्यभागी उभा असतो. म्हणून तो विनोद सुधारणेच्या चळवळीला उपयोगी पडला.

फिझबझच्या कारखान्यात असा माणूस नाही. तिथे फक्त लिहिणारा आणि त्याच धंद्यातला वाचणारा. ‘फिझ’ छापून मिळावे म्हणून कोणी रांगेत उभे नाही, उशीर झाला तर कोणाचे काही बुडत नाही. त्यामुळे हा विनोद निर्मळ आहे आणि त्यामुळेच तो हलका आहे. सोमवारी सकाळी तेच वाचक कामावर जातात आणि तसलीच फॅक्टरी बांधतात; विनोदाने त्यांना अडवलेले नसते, उलट ‘आपण शहाणे आहोत, आपल्याला कळते’ असा दिलासा दिलेला असतो. जावाच्या जगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘स्प्रिंग’ या चौकटीत ‘ॲब्स्ट्रॅक्ट सिंगलटन प्रॉक्सी फॅक्टरी बीन’ नावाचा घटक आहे. तो विडंबनातला नाही, खरा आहे. आकडा विषम आहे का हे सांगणारे एक तयार पुडके मिळते. सम आहे का हे सांगणारे दुसरे पुडके त्या पहिल्यावर अवलंबून असते. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने रागाने आपली पुडकी काढून घेतली. त्यांतल्या एकात अवघ्या ११ ओळी होत्या, शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरणाऱ्या. आणि जगभरच्या हजारो आज्ञावल्यांची बांधणी काही काळ अडली. वास्तवच विडंबनाच्या पुढे गेले की विडंबनकाराला दुसरे काही शोधावे लागते.

४. सहासष्ट रकाने

ते दुसरे काय असावे, हे आर्वीत बसून पाहिले तर लवकर दिसते. हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. पुलगावची अरुंद रुळांची गाडी इथवर आली ती कापसासाठी. शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत पश्चिम विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांचे नाव घेतात त्यांत वर्धा आहे. इथे आज्ञावली हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. पण तिचे वजन माहीत आहे.

जून २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर केली. थकीत पीककर्ज कुटुंबामागे दीड लाख रुपयांपर्यंत माफ. जाहीर झालेले आकडे ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी. गणित म्हणून पाहिले तर प्रश्न फिझबझहून फार मोठा नाही. कर्ज अमुक तारखेआधीचे आहे का? थकीत आहे का? दीड लाखाच्या आत आहे का? उत्तरे बँकेच्या वहीत होतीच. तरीही प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, नवरा-बायको दोघांची माहिती द्यायची, केंद्रावर जाऊन अंगठा उमटवायचा, असे ठरले. बँकांना माहिती द्यायची होती ती ६६ रकान्यांत. ऐन पेरणी-निंदणीच्या दिवसांत रांगा लागल्या, मातीकामाने घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमगेनात. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगोलग याद्यांतल्या विसंगती बाहेर आल्या. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे दिसू लागला. पैसे खात्यात पडायला आणखी वेळ गेला.

इथे विनोदी लेखकाचा हात शिवशिवेल. सहासष्ट रकान्यांचा फिझबझ कोणीही लिहील. पण समीक्षेने एक पायरी पुढे जायला हवे : हे रकाने आले कुठून? २००८ मध्ये केंद्राची कर्जमाफी झाली होती. तिच्यावरचा कॅगचा अहवाल २०१३ मध्ये आला. अपात्रांना लाभ मिळाला आणि पात्र माणसे सुटली, असे दोन्ही दोष त्यात दाखवले होते. पुढच्या योजनेच्या रकान्यांत त्या अहवालाची भीती होती. मोठ्या कंपन्यांच्या आज्ञावल्यांचेही असेच असते. बाहेरून निरर्थक दिसणारा प्रत्येक थर बहुधा मागच्या एखाद्या फजितीची आठवण असतो. फजिती विसरली जाते, थर राहतो. फिझबझच्या कारखान्याने थर दाखवले, त्यांच्यातली भीती दाखवली नाही. कारण ‘फिझ’ चुकल्याची चौकशी कधी होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डिसेंबर २०१९ मध्ये ‘महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ आली, मर्यादा दोन लाख. या वेळी शेतकऱ्याने अर्ज करायचा नव्हता. बँकांनी माहिती चढवायची, गावोगाव याद्या लावायच्या, शेतकऱ्याने आपले नाव पाहून एकदा आधार पटवायचे. आतली यंत्रणा काही साधी झाली नव्हती. खाती, थकबाकी, आधार, पडताळणी, सारे होतेच. पण गुंतागुंत कचेरीच्या आत ठेवली गेली, शेतकऱ्याच्या वाट्याला एक अंगठा आला. तक्रारी याही योजनेत झाल्या. तरी तुलना बोलकी आहे. एकूण गुंतागुंत किती, यापेक्षा ती कोणी वाहायची, या प्रश्नाचे उत्तर इथे बदलले होते.

आणि २०१७च्याच योजनेत अर्जदारांच्या याद्यांचे चावडीवाचनही ठेवले होते. नावे मोठ्याने वाचायची, गावाने ऐकायची. कोण वारले, कोणाचे नाव दोनदा आले, कोण पगारदार आहे, हे गाव बसल्या जागी सांगू शकते. मॅकिलरॉय यांच्या सहा आज्ञांना आपल्याकडचा जोड शोधायचा, तर तो या जुन्या चावडीत सापडेल.

५. नम्रतेची मोजणी

मग आज्ञावल्यांच्या विनोदात वाहणारा माणूस कधीच आला नाही का? दोन ठिकाणी आला, आणि माझ्या मते ती दोन उदाहरणे फिझबझच्या कारखान्याहून वरच्या प्रतीची आहेत.

पहिले २०१६ मधले. जोएल ग्रस यांनी एका मुलाखतीचा संवाद लिहिला. समोर फिझबझचा प्रश्न येतो आणि उमेदवार थेट न्यूरल नेटवर्क बांधायला बसतो : १०१ पासून पुढचे आकडे शिकवण्यासाठी, १ ते १०० परीक्षेसाठी. मुलाखत घेणारा हवालदिल. शेवटी यंत्र काही आकडे चुकते, आणि उमेदवाराला नोकरी मिळत नाही. इथे द्राविडी प्राणायामात नाकही हुकते. दोन माणसे समोरासमोर असल्यामुळे हे लेखन नाट्यछटेच्या जवळ जाते, आणि साध्या मोजणीसाठीही शिकाऊ यंत्राकडे धावण्याच्या आजच्या हौसेवर ते आधीच बोट ठेवून गेले.

दुसरे उदाहरण या परंपरेच्या मुळाशी आहे. १९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी ‘इंटरकॅल’ नावाची थट्टेची संगणकीय भाषा रचली. तिच्यात काही आज्ञांपूर्वी ‘प्लीज’, म्हणजे ‘कृपया’, लिहावे लागते. ‘कृपया’ कमी पडले तर आज्ञावली उद्धट म्हणून परत. जास्त झाले तर लाळघोटी म्हणून परत. आणि कौतुकाची गोष्ट अशी, की हा नियम मूळ माहितीपुस्तिकेत लिहिलेलाच नव्हता.

ज्याने कधी कचेरीत अर्ज दिला आहे त्याला यावर टीप लागणार नाही. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ किती वेळा लिहायचे, विनंती कुठे संपते आणि लाचारी कुठे सुरू होते, अर्ज नेमका कशासाठी परत आला, हे कुठल्याच परिपत्रकात छापलेले नसते. इंटरकॅलने आज्ञावली लिहिणाऱ्यालाच खिडकीच्या अलीकडे उभे केले. एरवी तो पलीकडे बसलेला असतो. या एका युक्तीने विनोदाची दिशा बदलते. पसारा पाहून हसणारा आता पसाऱ्यात सापडलेला आहे. कोल्हटकर या भाषेवर प्रसन्न झाले असते, असे मला वाटते.

वर्ध्याच्या मातीत ज्या विचाराने पुढे घर केले, त्यातला एक कागद इथे आठवावा. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी कडक होत्या. किंमत १५० रुपयांच्या आत, खेड्यातल्या झोपडीत हाताने वा पायाने चालणारा, आणि बाईला फार थकवा न येता आठ तास चालवता यावा असा. बक्षीस कोणालाही मिळाले नाही. पण अटींची मांडणी पाहावी. यंत्र कसे असावे हे ठरवताना ते चालवणारी बाई, तिची झोपडी आणि तिचे आठ तास आधीच धरलेले आहेत. आज्ञावलीच्या भाषेत बोलायचे तर पहिल्या ओळीत वापरणारी बाई आहे, फॅक्टरी नंतर.

विनोदाला समाजसुधारणेच्या दावणीला बांधावे असे मी म्हणत नाही. चाळीस जीबीच्या सम-विषमाला माझ्या लेखी त्याची स्वतःची प्रतिष्ठा आहे. पण या विनोदाचे लेखक आता आपल्या घरांतले आहेत. आर्वी, पुलगाव, हिंगणघाटची पोरे पुण्यात हिंजवडीला हेच काम करतात, आणि त्यांनी लिहिलेले अर्ज त्यांच्याच आईबापांना तालुक्याच्या केंद्रावर भरावे लागतात. लिहिणारा आणि वाहणारा इतके जवळ यापूर्वी कधी नव्हते. सुदाम्याच्या पोह्यांना लागणारे सगळे साहित्य त्यांच्या हाताशी आहे : नियमांची हौस, नावांचा सोस, जुन्या फजित्यांची भीती, आणि केंद्रावर तिसऱ्यांदा अंगठा पुसून पुन्हा ठेवणारी एक म्हातारी. फिझबझच्या जागी तिला ठेवून कोणी कारखाना बांधला, तर त्या आज्ञावलीची समीक्षा करायला मराठी वाचकाला संगणक शिकावा लागणार नाही.